मदत हवी आहे : दोन तास तग धरतील अशी परदेशी सॅलड कोणती?

नमस्कार.

लातूरमध्ये माझी मुलींसाठी खानावळ आहे. 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी हिंगोली, नांदेड, बीड आणि धाराशिवकडून आलेल्या बेचाळीस मुली दोन्ही वेळचे जेवण माझ्याकडे घेतात. शिकवणीचे वर्ग निरनिराळ्या वेळी सुटत असल्यामुळे दुपारी साडेबाराला ताटे वाढायला सुरुवात होते आणि शेवटची मुलगी जेवायला बसेपर्यंत अडीच वाजतात. वरण, भाजी पुन्हा गरम करता येते. कोशिंबिरीचे तसे नाही, आणि माझी सगळी अडचण या दोन तासांचीच आहे.

कांदा-काकडीच्या चकत्या मुली ताटात तशाच ठेवतात. दिवाळीनंतर मात्र त्यांनीच मागणी केली, की आठवड्यातून एकदा, बुधवारी, जगातल्या एखाद्या देशाचे सॅलड करावे. या निमित्ताने का होईना, कच्ची भाजी पोटात जाईल म्हणून मी लगेच होकार दिला.

पहिला प्रयोग ग्रीक सॅलडचा केला. त्यात काकडी, टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह, ओरेगॅनो आणि फेटा नावाचे खारट चीज असते, लेट्यूस नसते, असे वाचल्यामुळे ते आपल्याकडे सहज जमेल असे वाटले. फेट्याच्या जागी पनीर घेतले, ऑलिव्ह वगळले आणि सकाळी अकरालाच मीठ, लिंबू व तेल घालून सगळे कालवून ठेवले. एक वाजता पातेल्यावरचे झाकण काढले, तेव्हा तळाशी दोन बोटे पाणी साचले होते, पनीरचे तुकडे त्यावर तरंगत होते आणि त्यांना टोमॅटोच्या बिया चिकटल्या होत्या. "काकू, हे काकडीचं सार आहे का?" असे एकीने विचारले. तिने चेष्टा केली नव्हती. ती खरोखरच वाटी घेऊन आली होती.

दुसरा प्रयोग लेबनॉनकडच्या तबुलेचा. त्यासाठी लागणारा बुलगुर म्हणजे आपला गव्हाचा दलियाच, अशी माझी समजूत होती. एक किलो दलिया शिजवला, त्यात कोथिंबिरीच्या दोन जुड्या, पुदिना, टोमॅटो आणि लिंबू घातले. गार झाल्यावर तो थापता येईल इतका घट्ट झाला. संध्याकाळी मी त्याचे वडे तळले आणि ते मात्र एकही उरले नाहीत.

सीझर सॅलडला मी हातच लावला नाही. ४ जुलै १९२४ रोजी मेक्सिकोतील तिहुआना येथे सीझर कार्डिनी या मूळ इटालियन उपाहारगृहचालकाने स्वयंपाकघरात शिल्लक असलेल्या जिन्नसांतून ते पहिल्यांदा केले, असे सांगतात. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे सीमेपलीकडची गिऱ्हाइके तिकडे लोटत असत. ऐनवेळी दहा पाने वाढली की मुदपाकखान्यात काय धांदल उडते हे मला ठाऊक असल्याने ही गोष्ट मला फार जवळची वाटली. पण त्यातल्या वॉर्सेस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही ही मासळी असते, अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून विरजतात, आणि अंडे जवळजवळ कच्चेच. माझ्याकडच्या पाच मुली माळकरी घरच्या आहेत. त्यांच्या ताटात असे काही चुकूनही जाऊ नये, ही जबाबदारी माझी आहे.

माझ्याकडे फ्रीज एकच आहे आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. तेल करडईचे वापरते. काकडी, टोमॅटो, गाजर, कोबी, कच्ची पपई, चवळीच्या शेंगा, शेंगदाणे, डाळिंब, मोसंबी हे सर्व इथल्या गंजगोलाईच्या बाजारात मिळते. लेट्यूस सांगून मागवावे लागते आणि मार्चच्या उन्हात दुपारपर्यंत त्याची मान पडते. शिवाय पालेभाज्या चार-चार पाण्यांनी धुवायच्या म्हटले की २०१६ साली मिरजेहून रेल्वेने या शहरात पाणी आणले होते ते दिवस आठवतात, आणि हात आखडतो.

तेव्हा माझे प्रश्न असे, की काकडी-टोमॅटोला पाणी सुटू नये म्हणून काय करावे, दलियाचे कुठे चुकले, ऑलिव्ह तेलाच्या जागी करडईचे तेल घेताना काही पथ्य पाळावे का, आणि मुख्य म्हणजे दोन तास बाहेर राहूनही बिघडणार नाहीत अशी सॅलड कोणती. ताटामागे आठ रुपयांहून अधिक खर्च मला परवडत नाही.

– खानावळ_लातूर

प्रतिसाद १ : दुधनातीर (परभणी)

ताई, मी आखाती देशातील एका हॉटेलात लेबनानी स्वयंपाकाच्या विभागात अकरा वर्षे काम केले असल्याने आधी तबुलेबद्दल लिहितो. आपले प्रमाण उलटे झाले. तबुले ही मुळात हिरव्या पाल्याची कोशिंबीर आहे. बारीक चिरलेली पार्सली (कोथिंबिरीसारखा दिसणारा पाला) ढीगभर, तिच्यापुढे पुदिना थोडा आणि बुलगुर मूठभर. दुसरे असे, की बुलगुर हा गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला असतो, त्यामुळे बारीक बुलगुर नुसता भिजवला तरी खाण्याजोगा होतो. आपला दलिया कच्च्या गव्हाचा. तो झाकून शिजवला की त्यातला स्टार्च बाहेर येतो आणि गार होताच गोळा बांधतो. त्यावर उपाय म्हणजे दलिया कोरडा खमंग भाजून घ्यावा, भरपूर उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटे मोकळा शिजवावा, चाळणीवर ओतून गार पाणी मारावे आणि धोतराच्या पंचावर पसरून कोरडा होऊ द्यावा. बेचाळीस ताटांना पाव किलो दलिया पुष्कळ झाला. पार्सलीऐवजी नुसती कोथिंबीर घेतल्यास वास फार डोक्यात जातो. तिच्यात कोबीचा कोवळा पाला अगदी बारीक चिरून निम्म्याने मिसळावा.

काकडीच्या पाण्याचे कारण मीठ. मीठ लागले की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, आणि आपण दोन तास आधी मीठ घातले होते. ग्रीसमध्ये हे सॅलड मोठ्या फोडी करून आयत्या वेळी वाढतात, आणि जो रस सुटतो तो पावाने टिपून खातात. म्हणजे पाणी त्यांनाही चुकलेले नाही, त्यांनी त्याची सोय लावली आहे. आपल्याला टिकवायचे असेल, तर काकडीच्या बिया काढून तिला मीठ चोळून वीस मिनिटे ठेवावी आणि घट्ट पिळावी, जशी आपण कोशिंबिरीसाठी पिळतो. ते पाणी थालीपिठाच्या पिठात जाईल. टोमॅटोचा बियांसकट पातळ गर काढून नुसता बाहेरचा घट्ट भाग घ्यावा. पनीर मात्र फेट्याची जागा घेत नाही, कारण फेटा मेंढीच्या, किंवा मेंढीच्या दुधात थोडे शेळीचे मिसळून केलेला आणि खाऱ्या पाण्यात मुरवलेला असतो. पनीरचे तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवून पाहा. फेटा होणार नाही, परंतु अळणीही लागणार नाही.

करडईच्या तेलाला काही हरकत नाही. रिफाइंड असेल तर त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. तीन भाग तेलाला एक भाग लिंबाचा रस हे फ्रेंच पद्धतीचे प्रमाण आहे. तेल आणि रस वेगळे होऊ नयेत म्हणून ते लोक त्यात मोहरीची पेस्ट फेटतात. आपल्या आज्या मोहरी फेसून कोशिंबिरीत घालीत, ती इथे चपखल बसते. हे मिश्रण बाटलीत भरून ठेवावे आणि ताट वाढताना वर चमचाभर घालावे.

प्रतिसाद २ : गोदाकाठ

मुलींनी मागितले तरी रशियन सॅलड करू नका. १८६० च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज उपाहारगृहात ल्युसियन ऑलिव्हिए याने सुरू केलेले ते सॅलड आज बटाटा, गाजर, मटार आणि मेयोनीज घालून आपल्या लग्नांतही दिसते, पण ते थंड हवेचे अन्न आहे. असे शिजवलेले, मेयोनीज घातलेले पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली की तासाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत. मार्चमध्ये लातूरचा पारा याच्या बराच वर असतो. अंडे नसलेले मेयोनीज आणले म्हणून हा नियम बदलत नाही, कारण बटाटा शिजवलेलाच असतो.

त्यापेक्षा इंडोनेशियाचे गाडो-गाडो करा. कोबी, चवळीच्या शेंगा, गाजर यांना उकळत्या पाण्यात दोन मिनिटे वाफ द्यायची, गार करून निथळायचे, सोबत काकडी, आणि वर शेंगदाण्याची चटणीवजा दाट आमटी. त्यांच्या कृतीत शेंगदाणे, मिरची, चिंच आणि ताडगूळ असतो. कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते ती वगळावी. शेंगदाणे, चिंच आणि गूळ आपल्या फडताळात कायमचेच असतात. भाजी आणि आमटी वेगवेगळी ठेवता येते, हा आपल्या वेळापत्रकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा. भाज्या मात्र एकदम उकळू नका, एक वाजता दुसरा घाणा काढा.

थायलंड आणि लाओसकडचे कच्च्या पपईचे सॅलडही याच वळणाचे आहे. तिथे किसलेली पपई आणि लांब शेंगा उखळात हलक्या हाताने ठेचतात. त्या शेंगा म्हणजे चवळीच्याच जातीतल्या. मासळीच्या सॉसऐवजी मीठ आणि थोडी चिंच घ्यावी. किसलेल्या पपईचा चीक जाईपर्यंत ती गार पाण्यात ठेवावी, म्हणजे कुरकुरीतही राहते.

प्रतिसाद ३ : शिवार_औसा

लेट्यूसवाचून अडते कुठे? लेबनॉन-सीरियाकडचे फत्तूश नावाचे सॅलड आहे, त्यात शिळ्या रोटीचे भाजलेले तुकडे आणि घोळीची भाजी घालतात. घोळ म्हणजे आपल्या पाटाच्या कडेला माजते तीच, आणि तुर्कस्तानात तीच दही-लसणात कालवतात. आमच्याकडे बायका खुरपून बांधावर टाकतात. शिळ्या रोटीच्या जागी ज्वारीची कडक भाकरी चुरून, अगदी वाढताना घालावी. आधी घातली तर तिचा काला होईल. सुमाक नावाची त्यांची आंबट पूड आपल्याकडे सहज मिळत नाही, आमचूर चालेल. पाला माझ्या शेतातून फुकट न्या, फक्त खताची धूळ असते म्हणून नीट धुवा.

खानावळ_लातूर यांचा पुढील निरोप

सर्वांचे आभार. काल बुधवारी गाडो-गाडो केले. एक किलो शेंगदाणे बेचाळीस ताटांना पुरून वाटीभर आमटी उरली. ती दीडच्या सुमारास इतकी दाटली की डावाला चिकटू लागली, म्हणून गरम पाण्याचा एक तांब्या घालून सारखी केली. चवळीच्या शेंगा आणि गाजर संपले. कोबी मात्र पुष्कळ ताटांत राहिला, कारण तो मी पाच मिनिटे उकळू दिला आणि त्याला वास सुटला. दुसऱ्या घाण्यात दोनच मिनिटे ठेवल्यावर हा प्रश्न आला नाही. 'सार' म्हणणाऱ्या मुलीने आमटी भाकरीवर घेतली आणि भाजी वेगळी खाल्ली. खर्च ताटामागे सात रुपयांच्या आत बसला.

पपईचे सॅलड उखळात बेचाळीस जणींसाठी ठेचणे माझ्याच्याने होणार नाही. फक्त मिरची, शेंगदाणे आणि गूळ खलबत्त्यात कुटून किसात मिसळले तर चालेल का, हे गोदाकाठ यांनी सांगावे.

पुढच्या बुधवारी फत्तूश करायचे ठरवले आहे. औशाच्या भाऊंनी शेताचा पत्ता खासगी निरोपाने कळवावा; मंगळवारी संध्याकाळी माझा मुलगा दुचाकीवर येईल आणि दोन पिशव्या घोळ घेऊन जाईल.