‘सेल्फ-स्टॅबिलायझिंग’ला मराठीत काय म्हणावं?

खटपट्या:
कंपायलरवर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामवर) मराठीत लिहितोय. ‘फॉल्ट-टॉलरंट’ला ‘दोषसहिष्णू’ आणि ‘सेल्फ-स्टॅबिलायझिंग’ला, म्हणजे बिघडली तरी आपोआप ताळ्यावर येणाऱ्या यंत्रणेला, ‘स्वयंस्थिर’ योजलंय. दुसरा शब्द खटकतोय.

उंबरठा:
मला दोन्ही खटकतात. सहिष्णू माणूस असतो, यंत्र नव्हे. विश्वकोशात ‘उच्चतापसह पदार्थ’ आहेत, त्याच चालीवर ‘दोषसह’ म्हणा. आणि ‘स्थिर’ म्हणजे मुळात न हलणारं. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी 1974 मध्ये मांडलेली ही कल्पना हललेल्या यंत्रणेची आहे. यंत्रांचं कडं, एका वेळी एकाचीच पाळी. गोंधळात चौघांकडे पाळी गेली तरी काही पावलांत ती एकाकडेच उरते आणि पुढे तसंच चालतं. याला आपण सावरणं म्हणतो. ‘स्वयंसावर’ कसं वाटतं?

जुना प्रोग्रामर:
स्वयंवर मांडल्यासारखं वाटतं! फरक मात्र बरोबर. दोषसह यंत्रणा दोष असतानाही ठरलेलं काम देते, उदाहरणार्थ तीन प्रती चालवून बहुमत घेते. डायक्स्ट्रांची यंत्रणा मधल्या काळात चुकू शकते, पण ताळ्यावर येते.

खटपट्या:
माझा मुद्दा कंपायलरचा आहे. (‘संकलक’ नको, चित्रपटाची श्रेयनामावली आठवते.) समजा प्रोग्राम असा: ‘क्ष = क्ष आहे तोवर क्षला 0 कर.’ कागदावर क्ष कितीही बिघडला तरी पुढच्या फेरीत 0 होणार. पण कंपायलरने सरळसोट भाषांतर केलं, तर यंत्र क्ष मेमरीतून दोनदा उचलतं आणि तुलना करतं. नेमका त्या दोन उचलींच्या मध्ये एक बिट उलटला (0 चा 1 किंवा 1 चा 0 झाला), तर क्ष क्षच्या बरोबर नाही! फेरा सुटतो, प्रोग्राम संपतो, क्ष चुकीचाच राहतो. भाषांतर नेहमीच्या अर्थाने अचूक, तरी मूळचा गुण गेला. तो गुण राखणाऱ्या कंपायलरला नाव हवंय.

उंबरठा:
मग ‘स्वयं’ काढूनच टाका. ‘त्याने मला सावरलं’ आणि ‘तो पडता पडता सावरला’ यांतलं दुसरं क्रियापद अकर्मक, त्यात ‘स्वतः’ आलंच. ‘चालती गाडी’ तशी ‘सावरती यंत्रणा’. सावरता प्रोग्राम, सावरत्या प्रणाली. सगळ्या रूपांत चालतं.

जुना प्रोग्रामर:
सावरती! हे आवडलं. पण नाम? ‘सावरण’ मला औषधाच्या बाटलीवरचं वाटतं.

खटपट्या:
‘सावरतेपण’ घेतो. ‘सावरतेपण राखणारा कंपायलर’. लांब आहे, पण पहिल्या वाचनात कळतं.