डिस्ट्रोच्या पॅकेजमधला बग आधी कोणाला सांगायचा?

टर्मिनलवाला:
आमच्या ऑफिसातल्या एका पोराने परवा डिस्ट्रोकडून, म्हणजे लिनक्सचा तयार संच देणाऱ्यांकडून, घेतलेल्या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममधला समासाचा बग थेट मूळ लेखकाकडे नोंदवला. तासाभरात उत्तर आलं, "आवृत्ती तीन वर्षं जुनी. तुमच्या डिस्ट्रोने त्यात काय बदललंय मला माहीत नाही. बंद करतोय." पोरगा हिरमुसला. मला लेखकाचं काहीच चुकलेलं दिसत नाही. पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमची बसवायला तयार केलेली प्रत, डिस्ट्रोचं असेल तर बगही आधी डिस्ट्रोकडेच जायला हवा.

मे २०२४ मधलं कीपासएक्ससी या पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण आठवा. डेबियन या डिस्ट्रोच्या मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) अस्थिर, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या, शाखेतल्या पॅकेजमधून ब्राउझर जोडणी, नेटवर्क वगैरे वगळलं आणि सगळ्या सोयींचं पॅकेज 'कीपासएक्ससी-फुल' नावाने वेगळं काढलं. अपग्रेडनंतर ब्राउझरमध्ये पासवर्ड भरेनात. तक्रार गेली कुठे? मूळ प्रकल्पाकडे. त्यांनी तर एक ओळही बदलली नव्हती.

आळशी_युजर:
साफ असहमत. वापरणाऱ्याने काय काय शोधत बसायचं? डेबियनकडे बग ईमेलने जातो, त्यासाठीचं 'रिपोर्टबग' आधी स्वतःचीच सेटिंग्ज भरून मागतं. एका डिस्ट्रोकडे मी नोंदवलेला बग दोन वर्षं धूळ खात होता, मूळ लेखकाने तोच दोन दिवसांत मिटवला. विठोबा समोर उभा असताना बडव्यांना मस्का का लावायचा?

टर्मिनलवाला:
अंगरखा बडव्यांनी चढवलाय आणि उसवलाय तो अंगरखाच. विठोबा काय करणार?

फावल्या_वेळचा_लेखक:
मी स्वतः एक छोटं टूल लिहितो, म्हणून बोलतो. मी वर्षापूर्वी मिटवलेला बग महिन्यातून एकदा तरी नव्याने येतो. डिस्ट्रोवाले स्थिर, म्हणजे रोजच्या वापराच्या, शाखेत नवी आवृत्ती घेत नाहीत, फक्त सुरक्षेच्या आणि अगदी गंभीर दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीला मागे नेऊन लावतात. धोरण म्हणून ठीक आहे, पण त्याचा टपालखर्च माझ्या माथी. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रॅमचे लेखक जेमी झविन्स्की याच कारणाने इतके वैतागले की 'ही आवृत्ती फार जुनी झाली' अशी सूचनाच त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातली. २०१६ मध्ये ती डेबियन वापरणाऱ्यांना दिसू लागली तेव्हा केवढा गदारोळ! पॅकेजच काढून टाका, असंही झविन्स्की म्हणाले. सूचना पेरणं मला पटत नाही, वैताग मात्र शंभर टक्के पटतो.

आळशी_युजर:
म्हणजे डिस्ट्रोने बदल करायचे, तुम्ही वैतागायचं आणि पायपीट मी करायची? डेबियनच्या सामाजिक करारातच लिहिलंय, दुरुस्त्या आणि वापरणाऱ्यांच्या मागण्या आम्ही मूळ लेखकांपर्यंत पोचवू. मग पोचवा की!

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:
एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या टूलचं उदाहरण कोणीच कसं काढलं नाही? मार्च २०२४. प्रोग्रॅमर अँड्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अस्थिर शाखेत एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. आधी त्यांना वाटलं, डेबियनच्याच पॅकेजमध्ये घोळ आहे, म्हणून त्यांनी डेबियनच्या सुरक्षा गटाला कळवलं. चोरदार निघालं मूळ प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत. मूळ प्रकल्पाकडे बग टाकला असता तर तिथे बसलेल्या चोरालाच वर्दी! पण गंमत पुढे आहे. ते चोरदार एसएसएचपर्यंत पोचलं ते सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीसाठी डिस्ट्रोंनी जोडलेल्या पॅचमुळे, म्हणजे कोडातल्या बदलामुळे. एसएसएचचा मूळ प्रोग्रॅम ओपनएसएसएच एक्सझेडच्या लायब्ररीच्या वाटेलाही जात नाही.

आळशी_युजर:
अशी वेळ दहा वर्षांतून एकदा येते हो. त्यावरून पीडीएफच्या समासाचा नियम ठरवणार?

टर्मिनलवाला:
ठरवू नका, पण बघा तरी. 'एपीटी सोर्स' या आज्ञेने पॅकेजचा कोड उतरवा आणि 'डेबियन/पॅचेस' फोल्डर उघडा. बऱ्याच पॅचच्या डोक्यावर 'फॉरवर्डेड' अशी ओळ असते, पॅच मूळ लेखकाला पाठवला की नाही ते तिथेच कळतं. आज जेवणाच्या सुट्टीत त्या पोराबरोबर हेच केलं. सात पॅच निघाले. त्यातला एक छपाईच्या समासाचा, 'फॉरवर्डेड: नो'. पोराचा बगही समासाचाच.

आळशी_युजर:
बरं, हरलो. नोंदवला का मग डिस्ट्रोकडे?

टर्मिनलवाला:
नोंदवतोय. रिपोर्टबग ईमेल सर्व्हरचं नाव विचारतंय, तिथे पोरगा अडलाय.