‘लिंगभेद’, ‘भेदभाव’ आणि ‘लिंगभाव’

प्रश्न : पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळावरच्या ‘ऑन द बेसिस ऑफ सेक्स’ (२०१८) या चित्रपटाबद्दल लिहिते आहे. नावाचं मराठी ‘लिंगभेदाच्या आधारावर’ असं केलं, पण खटकतंय. ‘लिंगभाव’ चालेल का?

उत्तर : खटकतंय ते योग्यच आहे. कारण असतं लिंग, आणि त्यावरून केला जातो तो भेदभाव. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या मराठी पाठात ‘धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून’ अशी रचना आहे. ‘आधारावर’पेक्षा ही मला कितीतरी जवळची वाटते, भांडण कशावरून झालं, असंच आपण विचारतो. तेव्हा ‘लिंगाच्या कारणावरून’ घ्या.

‘लिंगभेद’ वर्तमानपत्रांत अन्याय या अर्थानं रुळलाय, त्याला चूक म्हणणार नाही. पण भेद म्हणजे फरक, आणि भेदभाव म्हणजे त्या फरकावरून केलेला पक्षपात. या चित्रपटाबद्दल लिहिताना हे दोन वेगळे ठेवावेच लागतील, कारण त्यात गिन्सबर्ग लढवतात तो खटलाच त्यावर उभा आहे. डेन्व्हरचे चार्ल्स मॉरिट्झ नोकरी सांभाळून म्हाताऱ्या आईचं करत होते. त्यासाठी ठेवलेल्या माणसाच्या खर्चापोटी त्यांनी प्राप्तिकरात ६०० डॉलरची वजावट मागितली. ही वजावट बाईला मिळे, विधुराला मिळे, घटस्फोटित पुरुषालाही मिळे. मॉरिट्झनी लग्नच केलं नव्हतं, म्हणून त्यांना नाही! कायद्यानं भेद केला होता हे उघडच होतं; तो भेदभाव ठरतो की नाही, एवढाच वाद. आणि ‘आईचं करायचं ते मुलीनं, मुलाला त्यात काय कळतं’ हे जे त्या कलमामागे गृहीत होतं, त्याला ‘लिंगभाव’ म्हणायचं, इंग्रजीत ‘जेंडर’. समाजानं बाई आणि पुरुष यांना नेमून दिलेल्या भूमिका, असा त्याचा अर्थ. म्हणून तो शब्द लेखात जरूर यावा, शीर्षकात नको.

१९७२ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयानं मॉरिट्झच्या बाजूनं निकाल दिला. सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागताना, स्त्री-पुरुषांत फरक करणाऱ्या केंद्रीय कायद्यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडली. हा निकाल टिकला तर किती कायदे धोक्यात येतील, हे दाखवायला! गिन्सबर्गना पुढच्या लढ्यासाठी ती यादी आयतीच मिळाली. यावर तुम्ही सविस्तर लिहावं असं फार वाटतं.

इंग्रजीतही ‘सेक्स’च्या जागी ‘जेंडर’ आणण्यात गिन्सबर्ग यांचा हात होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे मसुदे टाइप करणाऱ्या सेक्रेटरीनं सुचवलं होतं की पानापानावर ‘सेक्स’ वाचून न्यायाधीशांचं मन भलतीकडे जाईल. ही आठवण त्या स्वतः सांगत.

प्रश्न : आभार. त्यांच्यासाठी ‘वकिलीण’ म्हटलं तर?

उत्तर : नको. पाटलीण, मामलेदारीण तशी वकिलीण. ती वकिलाची बायको. गिन्सबर्ग यांचे पती मार्टिन करकायद्याचे वकील होते, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा नक्की. ‘वकील’ पुरेसा आहे. बाई असणं हाच मुद्दा असेल, जसं १९५६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात कायदा शिकताना त्यांच्या सुमारे ५०० जणांच्या वर्गात ९ मुली होत्या, तिथेच ‘स्त्री’ जोडा.