शब्दचर्चा : 'मॅट्रिक्स'ला 'भराव' म्हणावे का?

फोंड्याची अनुवादक : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मजकूर मराठीत करताना 'एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स'पाशी मी अडले आहे. पेशींच्या भोवती कोलॅजेनसारख्या तंतूंचे जे जाळे असते, त्याला मी 'पेशीबाह्य भराव' म्हटले होते; तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'आधारद्रव्य' केले. मला आता दोन्ही पटेनात. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी (ज्यांपासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात) मेंदूइतक्या मऊ, स्नायूइतक्या घट्ट आणि त्याहून ताठर अशा, या जाळ्याची जागा घेणाऱ्या जेलवर (जेलीसारख्या थरावर) वाढवल्या, तेव्हा त्या अनुक्रमे चेतापेशी, स्नायू आणि हाड यांच्या वळणाने गेल्या, असे २००६ साली दिसून आले. नुसत्या भरावाने हे घडेल का?

म्हापसेकर : 'भराव' नकोच, ताई. आपल्या गोव्यात तो शब्द ऐकला की बुजवलेले शेत डोळ्यांपुढे येते. हिंदीत 'आधात्री' रूढ आहे आणि मला तो फार योग्य वाटतो, कारण 'मॅट्रिक्स'च्या मुळाशी लॅटिनमधली आई आहे आणि 'धात्री' म्हणजे दाई, तशीच पृथ्वीही.

कुळागरवाला, प्रियोळ : मुलांना 'आधात्री' कोण समजावणार? आमच्या पाटाच्या काठची जुनी पोफळ गेल्या पावसात उन्मळली, तेव्हा तिच्या मुळांना धरून बैलगाडीभर माती वर आली आणि पाठोपाठ काठही ढासळला; मुळांनी माती धरली होती की मातीने मुळे, हे सांगता येईना. पेशीही भोवतालचे तंतू स्वतः घडवते, इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी त्यांना धरून ठेवते, आणि बाहेरचा ताण त्याच पकडीतून आत पोचतो. कर्करोग कुठे रुजतो हे सांगताना इंग्रज शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये बीज आणि भूमी हीच उपमा घेतली होती. म्हणून 'पेशीभूमी' म्हणावे.

वैद्य, डिचोली : मूळ घोटाळा 'पेशी'तच आहे. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी मोजल्या आहेत, त्या मांसपेशी. 'पेशीभूमी' म्हटल्यावर जुन्या वाचकाला मांसच आठवेल. 'कोशिका' हा शब्द निर्दोष आहे.

म्हापसेकर : वैद्यबुवा, पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या 'पेशी' शिकवली गेली आहे. रुळलेला शब्द व्युत्पत्तीसाठी मोडू नये.

वैद्य, डिचोली : चुकीचे रुळले म्हणून ते बरोबर ठरत नाही. रुग्ण आजही मला 'मांसपेशी दुखतात' असेच सांगतात.

फोंड्याची अनुवादक : 'पेशी' मी बदलणार नाही. 'कूर्चेत पेशी थोड्या आणि पेशीभूमी फार' हे वाक्य मोठ्याने वाचून पाहिले. कानाला बरे लागले. बाईंना उद्या दाखवते.