अमेरिकेतल्या गावांनीही हे भोगलंय

वर कुणीतरी लिहिलंय की २० पेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा एकत्र कराव्यात, 'अमेरिकेत बघा, मोठमोठ्या शाळा नि दारात पिवळी बस'. बस आहे खरी, पण त्या बसमागची गोष्ट कुणी सांगत नाही.

तिथे शाळा चालवतो 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. आपला जिल्हा समजू नका. बहुतेक ठिकाणी तो स्वतंत्र कारभार असतो, निवडून दिलेलं मंडळ आणि हातात स्थानिक मालमत्ता कराचा पैसा. १९४० च्या सुमारास असे १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट होते, आज जेमतेम १३ हजार. बाकीचे बहुतेक विलीनीकरणात गेले. खेड्यात शाळा म्हणजे सभागृह, मतदान केंद्र, शुक्रवारच्या फुटबॉलचं मैदान, सगळं एकच. ती गेली की गावाला एकत्र यायला जागाच उरत नाही. शिवाय दोन गावांची शाळा एक करायची तर नाव कुणाचं, संघाचा रंग कुठला, यावरूनच भांडणं! (आपल्याकडे इमारत कुठल्या वाडीत यावरून होतात, तीच गत.)

जे टिकले ते काटकसरीत. कोलोरॅडोत निम्म्याहून जास्त डिस्ट्रिक्ट आठवड्याला चारच दिवस शाळा भरवतात. पैसा वाचतो थोडाच, पण कमी पगारात शिक्षक टिकावेत म्हणून तीन दिवसांची सुट्टी हेच आमिष. आणि मोंटानात एकखोली शाळा अजून चालू आहेत, आपल्या एकशिक्षकीसारख्याच.

तेव्हा दाखला द्यायचाच तर मोंटानाचाही द्या.