बोटॉक्सचा वर्षाचा खर्च कसा झेपवता? आणि घरी सांगता का?

मोरपीस
नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, नावं ठेवायची असतील तर निदान पूर्ण वाचून ठेवा.

वय ४२, ठाणे, नोकरी, दोन पोरं. माझ्या भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या आहेत, आईच्याही होत्या. ऑफिसात दर मीटिंगनंतर कोणीतरी विचारणार "मॅडम चिडलात का", आणि मी तर जेवायला काय मागवायचं याचा विचार करत असायची. त्या आठ्यांसाठी बोटॉक्स, म्हणजे स्नायू ढिला करणारं इंजेक्शन, सुरू केलं, मग डॉक्टर म्हणाल्या कपाळ आणि डोळ्यांच्या कडाही घेऊ म्हणजे सगळं एकसारखं दिसेल, तेही घेतलं. रिझल्ट छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न बिलाचा आहे.

युनिटला (युनिट म्हणजे औषधाच्या डोसचं माप) ३५० रुपये. भुवयांमध्ये १८, कपाळाला १०, डोळ्यांच्या दोन्ही कडा मिळून १६, म्हणजे ४४ युनिट. १५,४०० झाले, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, हातात बिल १८,१७२ चं. आणि चार महिन्यांनी आठ्या परत हजर! वर्षाला तीनदा धरलं तर साडेचोपन्न हजार. जाहिरातीत आकडा एका वेळचाच असतो, वर्षाचा कुठलंच क्लिनिक लिहीत नाही.

नवऱ्याला माहितीये. तो अडवत नाही पण दर बिलाला एक डायलॉग ठरलेला, "एवढ्याचं सोनं घेतलं असतंस तर पोरीच्या लग्नाला कामी आलं असतं." सासूबाईंना वाटतं मी फेशियलला जाते. पगार माझा, चेहरा माझा, तरी पावती पर्समध्ये लपवून घरी आणते आणि याचाच जास्त राग येतो.

तर विचारायचंय की खर्च कमी करायचा काही मार्ग आहे का, बंद केलं तर चेहरा आधीपेक्षा जास्त ओघळतो म्हणतात ते खरं का, आणि तुम्ही घरी सांगता का?

गावरान_ठेचा
ताई रागावू नका पण साडेचोपन्न हजार म्हणजे महिन्याला साडेचार हजार. तेवढ्याची एसआयपी केली आणि बारा टक्के धरले तर दहा वर्षांत दहा लाखांच्या वर जातात. चेहऱ्यात टाकलेले चार महिन्यांत हवेत. आमच्या आज्जीने आयुष्यभर साय आणि हळद लावली, नव्वदीत गेली, सुरकुत्या होत्या पण काय रुबाब होता. असो, आपापला प्रश्न.

सदाफुली
@गावरान_ठेचा आला का एसआयपीवाला! दादा, तुमच्या गाडीचं सिरॅमिक कोटिंग, दर दोन वर्षांनी नवीन फोन, वीकेंडची बैठक, याचं कधी दहा वर्षांचं गणित मांडलंय का? माझे मिस्टर दर तीन आठवड्यांनी कलप लावतात, बाथरूमची फरशी काळी करून ठेवतात, त्यांना आजवर कोणी म्हणालं नाही की वय स्वीकारा म्हणून. माझा दीर केस लावून आला, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. बाईने कपाळाला सुई टोचली की मात्र सगळ्यांना आज्जीचा रुबाब आठवतो.

मोरपीस, सोन्याच्या डायलॉगचं म्हणशील तर मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. बाईने चाळीस हजाराची पैठणी घेतली तर चालतं कारण ती कपाटात दिसते, बांगड्या केल्या तर चालतं कारण त्या उद्या मोडता येतात. जे मोडून पैसे येत नाहीत आणि फक्त तुलाच आरशात बरं वाटतं, ते उधळपट्टी. मी स्वतः घेत नाही हां, मला सुयांची भीती वाटते, तत्त्वबित्त्व काही नाही.

आरोही_२६
मी पुण्यात आहे, माझ्या ग्रुपमध्ये निम्म्या जणी "प्रिव्हेन्टिव्ह", म्हणजे सुरकुत्या पडण्याआधीच, म्हणून बोटॉक्स घेतायत, लपवणं वगैरे काही नाही, उलट रील टाकतात. मला क्लिनिकवाल्यांनी ओठांना १ एमएल फिलर आणि डोळ्यांखाली सॅल्मन डीएनए (सॅल्मन माशाच्या डीएनएपासून केलेलं इंजेक्शन) असं पॅकेज सांगितलंय, पन्नास हजारांच्या आसपास, ईएमआय पण आहे. घ्यावं का? फिलर तर वर्षभर टिकतं ना, मग बोटॉक्सपेक्षा स्वस्तच पडेल?

त्वचातज्ज्ञ_करवीर
मी कोल्हापुरात स्किनची प्रॅक्टिस करते, त्यामुळे माझाही यात धंदा आहे हे आधीच सांगते, पुढचं तेवढ्या हिशोबाने वाचा.

मोरपीस, आधी तुमचा दुसरा प्रश्न. बंद केलं की चेहरा जास्त ओघळत नाही. बोटुलिनम टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला जाणारा निरोप थांबवतं, स्नायू तेवढा काळ ढिला राहतो. तीन ते चार महिन्यांत ती जोडणी पूर्ववत होते आणि स्नायू परत आकसायला लागतो, बास. तुम्हाला तो फरक मोठा वाटतो कारण मधले महिने गुळगुळीत कपाळाची सवय झालेली असते. शिवाय त्या काळात वय थांबलेलं नसतं ना.

आता पैसे. पहिली गोष्ट, कुठल्या ब्रँडचं युनिट आहे ते विचारा. बोटॉक्सचं युनिट आणि डिस्पोर्टचं (याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड) युनिट सारखं नाही, भुवयांच्या मधल्या आठ्यांना बोटॉक्सचा लेबलवरचा डोस २० युनिट आहे आणि डिस्पोर्टचा ५०. त्यामुळे "आमच्याकडे युनिट स्वस्त" याला तसा काही अर्थ नाही, एकूण बिल किती ते बघायचं. कोरियन ब्रँड बरेच स्वस्त पडतात आणि नीट कंपनीचे, नीट थंड ठेवलेले असतील तर चांगलं काम करतात. वायल, म्हणजे औषधाची बाटली, २ ते ८ डिग्रीला ठेवावी लागते. तुमच्यासमोर बाटली दाखवायला सांगा, नाव आणि एक्स्पायरी वाचा, फोटो काढून ठेवा, चांगला डॉक्टर याला नाही म्हणत नाही. "एरियाप्रमाणे" बिल लावत असतील तर किती युनिट टोचली हे लिहून मागा, कारण पातळ करून कमी टोचलं तर ते दोन महिन्यांतच उतरतं आणि तुम्हाला वाटतं आपल्याच अंगाला लागत नाही.

खर्च निम्म्याच्या खाली आणायचा असेल तर फक्त भुवयांच्या मधलं ठेवा आणि बाकीचं सोडा. तुम्ही मुळात त्याच आठ्यांसाठी गेला होतात ना? पण उलटं करू नका, म्हणजे कपाळ घेतलं आणि भुवयांमधलं सोडलं असं नको. भुवया वर उचलून धरणारा स्नायू कपाळाचा एकटाच आहे, खाली ओढणारे बरेच. वरचा ढिला केला आणि खालचे जोरात ठेवले तर भुवया खाली बसतात, डोळे जड दिसतात, आणि त्याला उतारा नाही, उतरेपर्यंत थांबायचं.

आणि तीन महिन्यांच्या आत सारखे टचअप घेऊ नका. पैसे जातातच, वर शरीर अँटिबॉडी तयार करण्याची शक्यता वाढते, मग औषध लागूच पडेनासं होतं.

आरोही, तुला वेगळं लिहिते. फिलर आणि बोटॉक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल, जागा भरून काढतं, सहा महिने ते दीड वर्ष टिकतं, ओठ सारखे हलतात म्हणून तिथे लवकर विरघळतं. धोका मात्र बोटॉक्सपेक्षा मोठा. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते, आणि क्वचित, पण खरंच, दृष्टी गेल्याच्या केसेस आहेत. म्हणून जिथे हायल्युरोनिडेज हे विरघळवायचं इंजेक्शन फ्रीजमध्ये तयार नाही, तिथे ओठ पुढे करायचा नाही. टोचणारा माणूस स्किनचा एमडी किंवा डीएनबी आहे का, प्लास्टिक सर्जन आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर काय, हे विचारायला लाजू नकोस. पार्लरमध्ये तर नाहीच. २६ व्या वर्षी कपाळ सैल सोडल्यावर रेघ दिसत नसेल तर माझ्याकडे आलीस तर मी सनस्क्रीन लिहून परत पाठवीन. सॅल्मन डीएनएला एवढे पैसे मी माझ्या बहिणीला घालू देणार नाही. आणि ईएमआयवर चेहरा नको गं.

न्यूजर्सीची_माई
इकडचे भाव ऐका म्हणजे ठाण्याचे गोड लागतील. आमच्याकडे युनिटला १२ ते १५ डॉलर, ४४ युनिटचे १४ ने ६१६ डॉलर, वर्षाला तीनदा म्हणजे १,८०० च्या वर. आणि टोचणारी बऱ्याचदा मेडस्पाची (ब्यूटी पार्लर आणि क्लिनिक यांच्या मधलं काहीतरी) नर्स असते, डॉक्टर कुठेतरी कागदावर. कंपनीचे पॉइंट मिळतात, हॅपी अवर असतो, अगदी डी-मार्टच्या योजना. आमच्या मंडळातल्या दोघी-तिघी डिसेंबरात भारतात येतात तेव्हा दागिने, ब्लाउज, दाताचं काम आणि बोटॉक्स असं एकाच फेरीत उरकतात. चार महिन्यांनी उतरतं तेव्हा इकडे गणपतीला अजून बराच अवकाश असतो, ते दुःख वेगळं.

सांगण्याचं म्हणाल तर इकडच्या गोऱ्या मैत्रिणी जेवताना खुशाल सांगतात, कुठे घेतलं, कितीला पडलं. आपल्या बायका एकमेकींच्या कपाळाकडे बघतात आणि म्हणतात "हल्ली योगा करतेस वाटतं". मी ५१ ची आहे, मी सांगून टाकते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक मैत्रीण तोंडावर म्हणाली की बाई शोभत नाही, आणि आठवड्याने तिनेच फोन करून नंबर मागितला.

कोथरूडचा_पक्या
वेगळा अनुभव. बायकोला क्रॉनिक मायग्रेन आहे, महिन्यातले पंधरापेक्षा जास्त दिवस डोकं. सगळी औषधं झाल्यावर न्यूरोलॉजिस्टने बोटॉक्स सुचवलं, तेच औषध, फक्त १५५ युनिट, कपाळ, कानशिलं, मान, खांदे असं ठरलेल्या ठिकाणी टोचतात आणि दर बारा आठवड्यांनी. ती मोरपीस यांच्यापेक्षा तिपटीहून जास्त युनिट घेते. घरात, सोसायटीत, नातेवाइकांत एकजण काही बोललेला नाही, उलट माझी आई डबा देते त्या दिवशी. कपाळावरच्या आठ्याही गेल्या तिच्या आपोआप, तेव्हा मावशी म्हणाली, "आजारातून उठली तरी किती तजेलदार दिसते." म्हणजे दुखत असेल तर सुई पवित्र, बरं दिसायचं असेल तर पाप. दुखण्याला आणि आठ्यांना मी एका मापाने मोजत नाहीये, पण लोकांचा आक्षेप औषधाला किंवा पैशाला नसतो हे त्या दिवशी कळलं.

गावरान_ठेचा
@सदाफुली मॅडम, सिरॅमिक कोटिंग केलंय, मान्य. बैठकीचं गणित मांडून बघितलं, इथे लिहीत नाही, बायको वाचते.
पण माझा मुद्दा नैतिक नव्हताच, माझा मुद्दा असा की हे सुरू केलं की थांबवता येत नाही, व्यसनासारखं. साडेचोपन्न हजार आज आहेत, पन्नाशीला फिलर आलं, गळा आला, किती होतील?

त्वचातज्ज्ञ_करवीर
@गावरान_ठेचा शरीराला व्यसन लागत नाही. पण तुम्ही म्हणता ते वाढत जाणं खरं आहे आणि त्यात आमच्या धंद्याचा हात आहे. एक आठी दाखवायला आलेल्या बाईला आरसा हातात देऊन "इथेही बघा" म्हटलं की तिला ते दिसायला लागतं, त्याआधी दिसत नव्हतं. म्हणून मी पेशंटला सांगते, घरून कागदावर लिहून आणा काय नको वाटतं, आणि त्याच्या पलीकडे मी काही सुचवलं तर त्या दिवशी हो म्हणू नका. वर्षाचा एकच आकडा ठरवा, त्यात बसेल ते करायचं. मेडिक्लेम यात एक रुपया देत नाही, आणि सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराला आजारपणासारखी जीएसटीची सूट नाही, त्यामुळे जीएसटी धरूनच आकडा मांडा.

मोरपीस
सगळ्यांना खूप थँक्स, डॉक्टर तुम्हाला स्पेशल. मी हिशोब केला. फक्त भुवयांमधलं १८ युनिट म्हणजे ६,३००, माझ्या बिलातल्या १८ टक्क्यांनी जीएसटी धरून ७,४३४. वर्षाला तीनदा घेतलं तरी २२,३०२, आणि सहा महिन्यांनी घेतलं, मधले दोन महिने चिडकी दिसले, तर पंधरा हजारांच्या आत. हे मला माझ्या पगारातून न कुरकुरता जमतं. कपाळाच्या आडव्या रेघा मला खरं तर कधीच खुपल्या नव्हत्या, पक्की आठवतेय ती आरशाची भानगड.

नवऱ्याला सदाफुलीची कमेंट वाचून दाखवली, तो म्हणाला मी कलप लावत नाही. लावत नाही कारण टक्कल आहे.

सासूबाईंना सांगणार नाही. त्यांना सांगितलं तर गल्लीला सांगितल्यासारखं आहे आणि मला त्यावर रोज चर्चा नकोय, एवढंच.

आरोही_२६
डॉक्टर, पॅकेज कॅन्सल केलं, बुकिंगचे दोन हजार परत देत नाहीयेत पण जाऊ दे. मम्मी विचारतेय की माझ्या ताईचं लग्न मेमध्ये आहे, मम्मीला (५३) फक्त एकदाच, फोटोंसाठी, कपाळाचं करायचंय. आदल्या आठवड्यात केलं तर चालेल का?

त्वचातज्ज्ञ_करवीर
आदल्या आठवड्यात नको. असर दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, पूर्ण बसायला दोन आठवडे, आणि टोचल्याजागी निळं पडलं तर तेही जायला वेळ हवा. पहिल्यांदाच घेतायत तर लग्नाच्या चार-पाच आठवडे आधी, म्हणजे एक भुवई वर राहिली तर दोन आठवड्यांनी नीट करता येते. त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर आधी सांगायचं, स्वतःहून बंद करायच्या नाहीत. स्नायूंचा काही आजार असेल, मायस्थेनिया वगैरे, तर अजिबात नाही. आणि ५३ ला कपाळ एकदम गच्च करू नका, देवक बसवताना, कन्यादानाला चेहरा हलला पाहिजे ना त्यांचा, डोस कमीच सांगा.