तारापूरच्या मागांवरचा प्रयोग : कारखान्यातली शिस्त ही स्ट्रॅटेजी म्हणायची की नाही?

ताणाबाणा

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९९६ साली मांडलेला मुद्दा बिझनेस स्कूलमध्ये आजही पहिल्याच आठवड्यात शिकवतात: कामकाजातली कार्यक्षमता म्हणजे स्ट्रॅटेजी नव्हे, कारण ती कोणीही उचलू शकतो. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या दाराशीच आहे.

ऑगस्ट २००८ पासून ब्लूम, आयफर्ट, महाजन, मॅकेंझी आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी तारापूर आणि उंबरगावच्या १७ सुती कापड कंपन्यांत प्रयोग केला. कोणती कंपनी कुठल्या गटात, हे नशिबावर सोडलं. त्यांचे मिळून २० कारखाने प्रयोगात होते: १४ पहिल्या गटात, ६ दुसऱ्यात. महिनाभराची तपासणी दोन्ही गटांत झाली. पहिल्या गटात त्यापुढचे चार महिने सल्लागारांनी जागेवर बसून ३८ पद्धती लावून दिल्या. सुरुवातीला त्यातल्या जेमतेम पाव भाग पाळल्या जात होत्या. पहिल्या गटात त्यात सुमारे ३८ टक्केबिंदूंची भर पडली, दुसऱ्यात १२. वर्षभरात पहिल्या गटाची उत्पादकता १७ टक्के वाढली. निबंध २०१३ मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला.

या ३८ पद्धतींत थोर काही नव्हतं. सुताच्या प्रत्येक थप्पीला काउंट (सुताची जाडी), लॉट (कुठल्या खेपेचं सूत) आणि तारखेची चिठ्ठी. माग बंद पडला की वेळ आणि कारण वहीत. कापडातला दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, कुठल्या डिझाइनमध्ये आला याची नोंद, आणि तिच्यावर मॅनेजरांची रोज बैठक. इतकी साधी गोष्ट वर्षानुवर्षं शेजारचा उचलत नसेल, तर "कोणीही उचलतो" हे गृहीतकच चुकतं.

खर्चीवाला

तारापूरच्या त्या कंपन्या शंभर ते हजार कामगारांच्या, स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं कापड विकणाऱ्या होत्या. इचलकरंजीत खर्चीवाल्याकडे, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्याकडे, सूत व्यापाऱ्याचं, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. त्याला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, ठरलेली मजुरी मिळते. साठा आणि विक्री-ऑर्डर या दोन विभागांतल्या पद्धती त्याच्या हातातच नाहीत. त्याचं नशीब मजुरीच्या दरावर आणि विजेच्या युनिटवर ठरतं. त्याला वह्या ठेवायला सांगणं म्हणजे जखम पायाला आणि मलम हाताला.

ताणाबाणा

दर त्याच्या हातात नाही, मान्य. पण मीटर आहेत ना? हिशेब करू. रेपिअर माग (धोट्याशिवाय चालणारा) मिनिटाला ४०० पीक धरा. बारा तासांच्या पाळीत २ लाख ८८ हजार पीक. इंचाला ६० पिकाचं कापड असेल तर ४,८०० इंच, म्हणजे जवळपास १२२ मीटर. ही माग क्षणभरही न थांबल्याची, म्हणजे शंभर टक्क्यांची बात. ७५ टक्क्यांवर साडेएक्याण्णव मीटर निघतात, ८० वर साडेसत्त्याण्णव. पाच टक्क्यांचा फरक म्हणजे पाळीला मागामागे सहा मीटर. २४ माग आणि दोन पाळ्या धरल्या तर रोजचे २९० मीटर. हे पाच टक्के जातात कुठे? बीम संपल्यावर नवा बीम तयार नसणं, फिटर दुसऱ्या शेडमध्ये असणं, तुटलेला उभा धागा सापडायला वेळ लागणं. बंदची वही नसेल तर यातलं कोणतं कारण मोठं हे मालकाला कळतच नाही, आणि तो विणकरावर ओरडत बसतो.

खर्चीवाला

हिशेब बरोबर, पण अपुरा. वाढलेल्या प्रत्येक मीटरवर विणकराची मजुरी आणि वीज लागतेच. मालकाकडे उरतं ते शेडचं भाडं आणि बँकेचा हप्ता जास्त मीटरवर पसरल्याचं. फायदा आहे, पण २९० मीटरच्या पूर्ण मजुरीइतका तो धरू नका.

नमुनाआकार

माझी हरकत वेगळी आहे. योग्य वाटलेल्या ६६ कंपन्यांशी संपर्क केला आणि शेवटी तयार झाल्या १७. ज्यांनी दार उघडलं ते मुळातच बदलायला राजी होते. सल्ला फुकट होता. संशोधकांना तो पहिल्या गटातल्या कारखान्यामागे सुमारे ७५ हजार डॉलरला पडला, आणि बाजारभावाने त्याच्या कितीतरी पट झाला असता. २० कारखान्यांवरून "व्यवस्थापन महत्त्वाचं" असं जगाला सांगणं धाडसाचं आहे. शिवाय कोणी पाहतंय म्हटल्यावर काम सुधारतंच.

ताणाबाणा

शेवटचा मुद्दा आधी घेतो. दुसऱ्या गटाचीही महिनाभर तपासणी झाली आणि नंतरही त्यांच्याकडून नियमित आकडे घेतले गेले. पाहणारे डोळे दोन्हीकडे होते. फरक पडला तो पद्धती लावून देण्याने.

नमुना लहान आहे हे खरं. म्हणूनच संशोधकांनी नेहमीच्या चाचण्यांबरोबर गटांची नावं आपसांत अदलाबदल करून पाहण्याची चाचणीही केली: चिठ्ठ्या वेगळ्या पडल्या असत्या तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक कितीदा दिसला असता? लहान नमुन्यावर ही रीत प्रामाणिक आहे. निवडीबद्दलची तुमची शंका मात्र उरते. राजी नसलेल्या कंपनीत काय झालं असतं, हे या प्रयोगातून निघत नाही.

हिशेबवही

आपण पोर्टरला फार लवकर बाजूला सारतोय. समजा तारापूरच्या सगळ्यांनीच वह्या ठेवल्या. दोष कमी झाले, मेंडिंगची (कापडातले दोष हाताने दुरुस्त करणारी) माणसं कमी लागली, खर्च उतरला. पुढच्या हंगामात घाऊक खरेदीदार दर पाडणार. सगळे सारखंच शर्टिंग विणत असतील तर शिस्तीची कमाई खरेदीदार खातो. कोणतं कापड विणायचं, कोणासाठी, आणि कोणती ऑर्डर नाकारायची, हा निर्णय वहीत सापडत नाही. यालाच स्ट्रॅटेजी म्हणतात, आणि ती शिकवायलाच हवी.

दुसरी पाळी

हिशेबवहींशी निम्मी सहमत. कोणती ऑर्डर नाकारायची हे ठरवायला तरी आकडे कुठून आणणार? एखाद्या डिझाइनवर माग किती वेळ बंद राहतो हेच माहीत नसेल तर त्या डिझाइनचा खरा खर्च मालकाला कधी कळणारच नाही. तोट्याचं कापड तो अभिमानाने विणत राहील.

पण दोषांची वही हमखास कशी बिघडते तेही सांगायला हवं. कापड तपासायच्या चार-गुणी पद्धतीत तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, सहापर्यंत २, नऊपर्यंत ३, त्यापुढे ४. तपासणाऱ्याला हे एका दिवसात येतं. दुसऱ्या आठवड्यात मालक गुणांवरून विणकराचे पैसे कापायला लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यापासून वहीतले दोष घटतात, कापडातले नाही. विणकर आणि तपासनीस एकाच चाळीत राहतात, ते एकमेकांच्या पोटावर पाय देणार नाहीत. म्हणून वही माग क्रमांकाने वाचा, माणसाच्या नावाने नको. एकाच मागावर, पन्ह्यात त्याच जागी उभी रेघ येत राहिली तर रीडची (उभे धागे ज्यातून जातात त्या फणीची) दात्री वाकलीय. माग थांबून सुरू झाला की आडवी पट्टी पडते, तेव्हा सेटिंग पाहा. रंगाईनंतर पट्टे उमटले तर दोन लॉटचं सूत मिसळलंय, आणि तो दोष गोदामाचा आहे. यातल्या एकातही विणकराला दंड करून उपयोग नाही.

नमुनाआकार

हे पटलं. मग मला सर्वात अस्वस्थ करणारा भाग मांडतो. संशोधक २०१७ मध्ये पुन्हा गेले. प्रयोगातल्या कारखान्यांत लावून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. मोठी कारणं दोन: मॅनेजर बदलला, आणि मालकांना वेळ उरला नाही. शिस्त हीच ताकद असेल तर ती मॅनेजरबरोबर दाराबाहेर कशी जाते?

ताणाबाणा

त्याच फेरीत हेही दिसलं की दोन गटांतलं अंतर तरीही ठळक होतं, आणि त्याच मालकांच्या प्रयोगाबाहेरच्या कारखान्यांतही या पद्धती पसरल्या होत्या. ज्याच्या खिशाला फायदा कळला त्याने त्या स्वतःहून दुसऱ्या शेडमध्ये नेल्या.

पण मॅनेजरबद्दलचा तुमचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्याच निबंधात अर्धं आहे. कंपनी किती मोठी होणार हे सांगणारी सर्वात भक्कम गोष्ट व्यवस्थापन नव्हती. मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, ही होती. चोरीच्या धास्तीने बाहेरच्या मॅनेजरच्या हाती खरेदी, भरती, खर्चाची मंजुरी फारशी द्यायची नाही, म्हणून जितके भाऊ आणि मुलगे तितकेच कारखाने.

हिशेबवही

म्हणजे नेतृत्वाचा प्रश्न आलाच! ज्या मॅनेजरला बंद मागाचा सुटा भाग मालकाच्या फोनशिवाय आणता येत नाही, त्याला बंदची वही भरण्यात रस का असावा?

दुसरी पाळी

म्हणूनच सुट्या भागांच्या खर्चाची एक ठरावीक मर्यादा मॅनेजरच्या सहीवर सोडावी, आणि बंदची वही त्या खर्चाच्या पावतीला जोडावी. पावतीवर माग क्रमांक आणि बंदची वेळ नसेल तर पैसे नाहीत. मालकाला चोरीची धास्ती उरत नाही, कारण प्रत्येक रीड आणि प्रत्येक बेअरिंग कुठल्या मागात गेलं ते दिसतं. मॅनेजर बदलला तरी हिशेबाच्या गरजेपोटी वही चालू राहते.

खर्चीवाला

हे मात्र इचलकरंजीतही चालेल. सुटे भाग तरी आमचेच असतात.